हिशेब कुणाच्या नावावर?

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात किनाऱ्यावर आलं आणि काही तासांत सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. टाळेबंदी सैल झाल्यावर तिकडे गेलो, तेव्हा वाडीवाल्यांच्या बोलण्यात घरांपेक्षा झाडंच जास्त होती. पत्रे काय, महिना-दोन महिन्यांत पुन्हा चढतात. सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. एक वयस्कर बागायतदार म्हणाले, “वादळं पूर्वीही उठायची हो, पण ती ओमानकडे जायची. आमचा पत्ता त्यांना दिला कुणी?”

प्रश्न थट्टेचा होता, तरी मनात राहिला. अमुक वादळ अमुक धुरामुळेच आलं, असं कोणी हवामानतज्ज्ञ सरळ सांगणार नाही. पण पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2001 ते 2019 हा काळ आधीच्या दोन दशकांशी ताडून पाहिला, तेव्हा अरबी समुद्रातली चक्रीवादळं 52 टक्क्यांनी वाढलेली दिसली. पृथ्वीवर साचणाऱ्या जादा उष्णतेचा नव्वद टक्के भाग समुद्र पोटात घेतो, आणि तापलेलं पाणी हेच वादळाचं इंधन. कार्बन डायऑक्साइडला तर गावच नसतं. मँचेस्टरचा असो की वुहानचा, वर्षभरात तो जगभरच्या हवेत मिसळून जातो. म्हणूनच 1958 साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआ या एकाच डोंगरावर मोजणी सुरू केली, तरी ती साऱ्या जगाची ठरली. तेव्हा दशलक्ष भागांत 315 भाग होते, आता 420 च्या वर गेलेत.

मुंबईहून श्रीवर्धनला जाताना वडखळजवळ डोलवीचा पोलाद कारखाना दिसतो. कोक करण्याजोगा चांगला कोळसा आपल्याकडे तोकडा, त्यामुळे देशातल्या झोतभट्ट्या मुख्यतः ऑस्ट्रेलियातून आलेल्या कोळशावर चालतात. अशा भट्टीतल्या एक टन पोलादामागे दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वादळाने उडवलेल्या पत्र्यांच्या जागी चढले तेही पोलादाचेच पत्रे. यात वाडीवाल्याचा दोष काय काढणार?

‘आपण सगळेच जबाबदार’ हे वाक्य म्हणूनच मला पटत नाही. ऐकायला ते नम्र वाटतं, पण त्यामुळे वहीच मिटली जाते. औद्योगिक युगाच्या सुरुवातीपासूनच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे चौथा हिस्सा. भारताचा चार टक्क्यांच्या आसपास. शिवाय प्रचलित नोंद जिथे धुराडं तिथे होते. चीनमध्ये बनलेला फ्रीज लंडनमध्ये वापरला, तरी धूर चीनच्या खात्यावर आणि लंडनची हवा कागदोपत्री स्वच्छ.

मात्र हाच युक्तिवाद आपण घरात उलटा वापरतो. भारताचं दरडोई उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, असं अभिमानाने सांगतो. ती सरासरी खाली ठेवते ती रायगडातल्या डोंगरावर चुलीत काटक्या घालणारी कातकरी बाई. तिच्या आडोशाला आपण खोलीगणिक एसी लावणारे आणि सुट्टीला विमानाने जाणारे उभे असतो.

आता युरोपीय संघाने 2026 पासून आयात पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियमवर कार्बन शुल्क लागू केलं आहे. म्हणजे हिशेब मांडता येतो. इतकी वर्षं तो मांडायचा नव्हता, एवढंच. पण त्यांनी तो स्वतःच्या वेशीवर मांडलाय, आजच्या मालापुरता. शुल्क भरणार तिथला आयातदार, भावात ते कापून घेऊ पाहणार इथल्या कारखान्याकडून, आणि पैसा जमा होणार युरोपच्या तिजोरीत. सुपारीच्या पाच-सात वर्षांना त्यात रकाना नाही.