मोहाखालची पहाट

मोह गळायच्या दिवसांत पहाटे सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर, निम्मं घर मोहाच्या झाडाखाली असतं. मोहफुलं रात्री उशिरापासून गळतात. ऊन चढायच्या आत टोपली भरायची. आई वाकून वेचते, पोरं वेचता वेचता दोन-चार तोंडात टाकतात. बोटं चिकट होतात, गोडसर वास कपड्यांना दिवसभर सोडत नाही. मग फुलं अंगणात वाळत पडतात आणि शेळ्यांना हाकलायचं काम आजीकडे येतं.

याच दिवसांत होळी येते. आधी भोंगऱ्याचा बाजार: गूळ, डाळ्या, नवे कपडे. घरातला कुणी बुध्या, म्हणजे होळीत सजून नाचणारा, होणार असेल तर त्याची पाळणी सुरू होते. तो अंघोळ करत नाही, खाटेवर बसत नाही. कमरेला घुंगरू आणि वाळलेले दुधी भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप. घरची माणसंच त्याच्या अंगावर ठिपके काढतात, आणि ते काढताना हसू काही आवरत नाही.

आपण होळी संध्याकाळी पेटवून जेवायला बसतो. काठी गावची राजवाडी होळी मात्र रात्रभर ढोलावर नाचवते आणि पेटते पहाटे. होळीच्या उंच बांबूसाठीचा खड्डा तिथे हातांनी खोदतात, अवजाराशिवाय.

दुसऱ्या दिवशी मोह थांबत नाही. जागरणाने लाल झालेल्या डोळ्यांनी आई पुन्हा टोपली उचलते.