हस्तलिखिताचा विश्वस्त

ग्रंथप्रकाशन हा धंदा आहे कीं धर्म आहे, हा प्रश्न लेखक व प्रकाशक यांच्या भांडणांत हटकून निघतो. लेखक म्हणतो, प्रकाशकाची दृष्टि पैशावर असते. प्रकाशक म्हणतो, ती तशी नसेल तर पुस्तकच निघावयाचें नाहीं. या वादांत एक गोष्ट दोघेही गृहीत धरून चालतात. ती ही कीं, प्रकाशकाच्या हातून अन्याय घडलाच तर तो लोभामुळेंच घडावयाचा, आणि लोभ सोडला म्हणजे त्याचें आचरण आपोआप शुद्ध व्हावयाचें. हा समज कितपत टिकतो हें पाहण्यास लंडन येथील जॉन मरे या पेढीचा इतिहास फार उपयोगी आहे.

ही पेढी १७६८ सालीं निघाली. मूळचा एडिंबरोचा जॉन मरे हा नौसैनिक अधिकारी असून त्यानें फ्लीट स्ट्रीटवरील एक चालतें पुस्तकांचें दुकान विकत घेतलें. पुढें वडील मुलास जॉन हेंच नांव देण्याची घराण्याची चाल पडली. दुसऱ्या जॉन मरेनें १८१२ सालीं बायरनच्या ‘चाइल्ड हॅरल्ड’चे पहिले दोन सर्ग प्रसिद्ध केले. थोड्याच दिवसांत ती आवृत्ति संपली आणि बायरन एकाएकीं प्रसिद्धीस आला. त्याच वर्षीं पेढी ५०, आल्बेमार्ल स्ट्रीट येथें गेली. जेन ऑस्टेनची ‘एमा’ ही कादंबरी येथूनच निघाली. आणि मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचा हिंदुस्थानचा इतिहासही १८४१ सालीं याच पेढीनें छापला. परंतु या घराची जी गोष्ट नीतिविचारास खरें खाद्य पुरविते, ती तेथें छापलेल्या पुस्तकाची नसून न छापलेल्या पुस्तकाची आहे.

बायरननें आपल्या आयुष्याच्या आठवणी लिहून १८१९ सालीं मित्र टॉमस मूर यांच्या स्वाधीन केल्या होत्या. आपल्या हयातींत त्या प्रसिद्ध होऊं नयेत एवढीच त्याची अट होती. मूरनें हें हस्तलिखित १८२१ सालीं मरेस २,००० गिन्यांना विकलें. १९ एप्रिल १८२४ रोजीं ग्रीसमध्यें मिसोलोंगी येथें बायरन वारला. ती बातमी लंडनला पोंचतांच त्याची पत्नी, त्याची सावत्र बहीण आणि जुना स्नेही हॉबहाउस यांच्या बाजूनें धांवपळ सुरू झाली. १७ मे रोजीं मरेच्या दिवाणखान्यांत मंडळी जमली, कडाक्याचा वाद झाला आणि मूरचा विरोध बाजूस सारून तें हस्तलिखित फाडून शेगडींत टाकण्यांत आलें. त्याची नक्कलही त्याच वाटेनें गेली. मरेनें तें स्वतः वाचलेंही नव्हतें.

येथें लोभाचा गंधही नाहीं, हें लक्षांत घेतलें पाहिजे. मूरनें मुद्दल परत केलें हें खरें. पण हें पुस्तक छापलें असतें तर जो अलोट नफा झाला असता, तो मरेनें जाणूनबुजून सोडला. त्याच्या बाजूचा युक्तिवादही हलका नाहीं. ज्यांच्याविषयीं लिहिलें गेलें तीं माणसें जिवंत होतीं, बायरनची मुलगी तर अवघी आठ वर्षांची होती. मेलेला मनुष्य आपलें लिहिणें सुधारूं शकत नाहीं. मग त्याच्या अविचाराचें ओझें जिवंतांनीं कां वाहावें?

परंतु या युक्तिवादानें फार तर इतकेंच सिद्ध होतें कीं, तें पुस्तक त्या वर्षीं छापूं नये. कागद मोहोरबंद करून पन्नास वर्षें तिजोरींत ठेवतां आले असते. जिवंतांची अब्रू राहिली असती आणि मृताचा शब्दही राहिला असता. बायरननें हें लिखाण पत्नीस वाचावयास देऊं केलें होतें व तिनें नकार दिला होता, हेंही विसरतां येत नाहीं. छापण्यांत चूक झाली तर तिला उत्तर देतां येतें. जाळण्यांत चूक झाली तर ती दुरुस्त करणारा पुढें कोणी उरत नाहीं. १८६९ सालीं बायरन व त्याची सावत्र बहीण यांच्यावर हॅरिएट बीचर स्टो या लेखिकेनें उघड आरोप केला, तेव्हां बायरनची बाजू ज्या कागदांत असण्याचा संभव होता, त्यांची राख होऊन पंचेचाळीस वर्षें झालीं होतीं. अब्रू राखण्यासाठीं केलेल्या होमानें संशय मात्र वाढला.

माझ्या मतें मरेचा खरा प्रमाद त्याच्या त्यागांतच दडलेला आहे. मनुष्य स्वतःचें नुकसान सोसावयास तयार झाला कीं आपला निर्णय न्याय्य आहे याविषयीं त्यास शंका उरत नाहीं. सोसलेली झीज हाच त्यास पुरावा वाटूं लागतो. पण त्यागानें केवळ हेतूची शुद्धता कळते. कृत्याची योग्यता कळत नाहीं. शिवाय या प्रसंगीं मरेनें सोडला तो स्वतःचा नफा. बुडाला तो दुसऱ्याचा शब्द. परक्याच्या ठेवीचें दान करून कोणी दाता होत नाहीं.

त्या दिवशीं दिवाणखान्यांत मरेचा १६ वर्षांचा मुलगा हजर होता. पुढें तोच तिसरा जॉन मरे झाला. चार्लस् डार्विनचा ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ त्याच्याकडे आला तेव्हां तो एका सल्लागारास वाचावयास दिला गेला. आधीं कबुतरांवरच लिहावें, असा त्या विद्वानानें अभिप्राय दिला. मरेस स्वतःलाही तो सिद्धांत पटलेला नव्हता. तरीही २४ नोव्हेंबर १८५९ रोजीं १,२५० प्रतींची आवृत्ति त्यानें काढली. भूगर्भशास्त्रांतील लायेलचे ग्रंथही याच पेढीचे. त्यांतील सिद्धांत मरेस मान्य नव्हता. १८७७ सालीं त्याचें खंडन करणारें पुस्तक त्यानें टोपणनांवानें लिहून आपल्याच पेढीकडून प्रसिद्ध केलें. हे दोन प्रसंग सर्वस्वीं सारखे नाहींत. शास्त्रीय सिद्धांतानें कोणा विधवेच्या अब्रूस धक्का लागत नाहीं. तथापि न पटणाऱ्या ग्रंथास ग्रंथानें उत्तर द्यावें, हा धडा बापाच्या शेगडीपुढें उभ्या राहिलेल्या मुलानें आचरून दाखविला, आणि तोही धंद्यांतला नफा न सोडतां.

सात पिढ्या चाललेली ही पेढी २००२ सालीं घराण्याच्या हातून गेली, आणि तिचें दप्तर २००६ सालीं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें तीन कोटी पौंडांहून अधिक किंमत देऊन घेतलें. त्यांत बायरनचीं पत्रें आहेत, मूरनें लिहिलेल्या बायरनचरित्राचा पत्रव्यवहार आहे. त्या आठवणी तेवढ्या नाहींत. प्रकाशकानें काय छापावें हें ठरविण्याचा अधिकार त्याचा आहे, आणि नाकारण्याचाही आहे. पण नाकारलेलें हस्तलिखित लेखकास किंवा काळास परत करणें, हें त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक कागदाचें ऋण आहे. तें ऋण निर्लोभीपणानें फिटत नाहीं.