बोट कुठल्या दातावर आहे?

बीडीएसच्या तिसऱ्या वर्षी विद्यार्थी पहिल्यांदा ओपीडीत उभा राहतो. ट्रेमध्ये आरसा, प्रोब, चिमटा. खुर्चीत गालावर हात धरून आलेला माणूस. केस पेपरवर सर्वांत आधी मुख्य तक्रार लिहायची आणि तीही रुग्णाच्याच शब्दांत, असा दंडक आहे. पुष्कळांना ही कारकुनी वाटते. मला त्या एका ओळीत निम्मं निदान दिसतं.

“गार पाणी लागलं की सणक जाते, पण लगेच थांबते,” असं कोणी म्हणालं, तर दाताच्या आतला गर, म्हणजे पल्प, बहुधा अजून वाचण्याजोगा असतो. कीड साफ करून दात भरला की भागतं. “चहा घेतला की ठणका सुरू होतो, तो जातच नाही, रात्री आडवं पडलं की वाढतो,” असं ऐकलं तर गर सहसा हाताबाहेर गेलेला असतो, मग रूट कॅनाल, नाहीतर दात काढणं. आणि “दात उंच झाल्यासारखा वाटतो, घास चावताना कळ येते,” म्हणजे दाह मुळाच्या टोकाबाहेर पोचला असावा. एक्स-रे आणि तपासणीनं खात्री करायचीच, पण कुठे शोधायचं ते रुग्णानं आधीच सांगितलेलं असतं.

एवढं सांगणाऱ्या माणसाला दुखरा दात नेमका कोणता, हे मात्र अनेकदा सांगता येत नाही. गराला वेदना कळते, जागा कळत नाही. जागेची जाण असते ती मुळाभोवतीच्या तंतूंना. दाह तिथवर गेला की रुग्ण बिनचूक बोट ठेवतो. तोवर किडलेली असते खालची दाढ आणि दाखवतो वरची, कारण दोन्हींच्या संवेदना एकाच ट्रायजेमिनल मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जातात. बाजू सहसा चुकत नाही. म्हणून दाखवलेल्या दातात काही सापडलं नाही, तर त्या बाजूचे वरचे-खालचे सगळे दात थंड लावून, हलकेच ठोकून पाहायचे. घाईत निरोगी दाढ उपटली गेली, तर दुखणं तसंच राहतं आणि दाढ कायमची जाते. जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की बरं वाटतं, असं कोणी म्हणालं, तर दाताआधी हृदयाची शंका घ्यायची.

दाताची तक्रार असली तरी तोंड पूर्ण पाहायचं. आपल्याकडे तर हे फारच गरजेचं. गावाकडच्या कितीतरी बायका अजूनही मिश्री लावतात, तरुण पोरं सुपारी-गुटखा चघळतात. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावत नसतील आणि तिखटानं आग होत असेल, तर गालाच्या आतली त्वचा ताठरली आहे का, ते बोटांनी चाचपायचं. जीभ गॉजमध्ये धरून दोन्ही कडा पाहायच्या, जिभेखालची जागा पाहायची. दोन आठवडे उलटूनही न भरलेली जखम दिसली, तर मलम देऊन घरी न पाठवता बायोप्सीसाठी पाठवायचं.

मिश्रीबद्दल विचारताना आवाजात दटावणी नको. एकदा ओशाळलेली मावशी पुढच्या वेळी “नाही हो, कधीच नाही” म्हणते, आणि केस पेपरवर तेच लिहिलं जातं.