भाकर मोडायची, नाव घ्यायचे

करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत जेवणावरून बिनसले होते. ज्यांच्याकडे मुबलक होते ते आधीच खाऊनपिऊन मोकळे होत आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशी राहत. ही गोष्ट प्रेषित पौलाच्या कानावर गेली. इ. स. ५५च्या सुमारास त्याने मंडळीला पत्रातून चांगलेच खडसावले आणि त्याच ओघात येशूच्या शेवटच्या रात्रीची आठवण करून दिली. येशूने भाकर मोडली, प्याला पुढे केला आणि आपल्या स्मरणार्थ हे करत राहायला सांगितले. त्या भोजनाचा हा सर्वांत जुना लेखी उल्लेख. चारही शुभवर्तमाने त्यानंतरची. ख्रिस्ती स्मरणाविषयी बोलताना हा प्रसंग विसरता कामा नये. पंगतीतला एकजण उपाशी असेल, तर पौलाच्या लेखी ते प्रभूचे भोजनच नव्हते.

पौल यहुदी होता, आणि यहुदी परंपरेत आठवण कृतीशिवाय पुरी होत नाही. जलप्रलयाच्या कथेत देवाला नोहाची आठवण होते, वारा सुटतो आणि पाणी ओसरू लागते. वल्हांडण सणाच्या रात्री बेखमीर भाकर आणि कडू भाजी खातात, ती मिसरातल्या गुलामीतून आपणच सुटलो असे मानून. धाकटे प्रश्न विचारतात, थोरले उत्तर देतात. नव्या करारात यासाठी ग्रीक शब्द आहे ‘अनाम्नेसिस’. मराठी बायबलने त्याला ‘स्मरण’ म्हटले. नामस्मरण ठाऊक असलेल्या वाचकाला स्मरण हे ‘करायचे’ असते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

पुढे या स्मरणात माणसांची नावे आली. दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना चितेवर ठार मारले. मंडळीने त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि दरवर्षी त्या दिवशी एकत्र जमायचे ठरवले. आपण पुण्यतिथी म्हणतो. त्यांनी त्याला जन्मदिवस म्हटले.

या साऱ्या इतिहासात मनाला सर्वांत भिडते ती ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनची आई, मोनिका. उत्तर आफ्रिकेतल्या रिवाजाप्रमाणे ती हुतात्म्यांच्या समाधीवर टोपलीत लापशी, भाकर आणि द्राक्षारस घेऊन जाई. मिलानमध्येही ती तशीच गेली, तेव्हा द्वारपालाने अडवले. बिशप अँब्रोज यांनी ही प्रथा बंद केली होती. त्यातून मद्यपानाला निमित्त मिळे आणि जुन्या पितृविधींशी तिचे फार साम्य होते. मोनिकाने कुरकुर न करता टोपली नेणे सोडले. इ. स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात, मायदेशी जाण्याच्या वाटेवर, ती तापाने अंथरुणाला खिळली. नवऱ्याशेजारी स्वतःसाठी जागा तिने आधीच राखून ठेवली होती. तरी मुलांना तिने सांगितले, की देह कुठेही पुरा; फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण ठेवा. सुमारे दहा वर्षांनी ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’मध्ये आईवडिलांची नावे लिहिली आणि वाचकांनाही तीच विनंती केली.

मध्ययुगात नावे वाढत गेली. रायखेनाउच्या मठातल्या स्मरणवहीत सुमारे ३८,००० नावे आहेत. क्लूनीचे मठाधिपती ओडिलो यांनी अकराव्या शतकाच्या सुमारास सर्व मृतांसाठी २ नोव्हेंबर हा दिवस नेमला. आजही त्या दिवशी वसईच्या दफनभूमीत फुले आणि मेणबत्त्या घेऊन घरचे लोक जमतात.

पण मृतांच्या आठवणीला पैशाची कीड लागली. पापक्षमेची पत्रे विकली जाऊ लागली आणि १५१७ मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर त्याविरुद्ध उभे राहिले. मात्र ऑक्टोबर १५२९ मध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात सुधारकांचेच आपसात बिनसले. ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द ल्यूथर यांनी लॅटिनमध्ये खडूने टेबलावर लिहून ठेवले आणि वाद रंगात येताच वरचे कापड बाजूला सारून दाखवले. दुसरे सुधारक झ्विंग्ली यांचे म्हणणे होते, की भाकर हे चिन्ह आहे आणि भोजन हे स्मरण. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर दोघांचे जुळले. पंधराव्यातल्या या एका प्रश्नावर फाटले. झ्विंग्लींना स्मरण कमी लेखायचे नव्हते. पण पुढे त्यांच्या मताला ‘नुसती आठवण’ असे लेबल चिकटले, आणि त्या ‘नुसती’ शब्दात वल्हांडणाची रात्र हरवली.

ती परत सापडायला विसावे शतक उजाडावे लागले. १९८२ मध्ये पेरू देशातल्या लिमा येथे वेगवेगळ्या चर्चेसच्या शंभरावर धर्मपंडितांनी एक निवेदन संमत केले. त्यात कॅथलिकही होते. स्मरण म्हणजे गतकाळ मनात आणणे एवढेच नव्हे, असे त्यांनी मिळून लिहिले. इतक्या शतकांच्या भांडणानंतर हे झाले, हे थोडेथोडके नाही.

१९४५ मध्ये ऑस्तियात चर्चशेजारच्या अंगणात दोन मुले खेळासाठी खांब रोवायला खड्डा खणत होती. संगमरवराचा एक फुटका तुकडा वर आला. त्यावर मोनिकाच्या समाधीलेखाचा काही भाग होता. तिच्या मुलाने वाचकांना केलेली विनंती त्याआधी साडेपंधराशे वर्षे वाचली जात होती.