ताण आणि बहार

राखेच्या बुधवारी कॅथलिक चर्चमध्ये भाविकांच्या कपाळी राखेचा क्रूस रेखला जातो आणि उपवासकाळास आरंभ होतो. तेथून पुनरुत्थानाच्या सणापर्यंतचे, मधले रविवार वगळता चाळीस भरणारे हे दिवस, प्रभू येशूने अरण्यात अन्नावाचून काढलेल्या चाळीस दिवसांच्या स्मरणार्थ पाळावयाचे असतात. बीड जिल्ह्यात हा काळ येतो तेव्हा बालाघाटच्या डोंगरउतारांवरील सीताफळीची झाडे निष्पर्ण होऊ लागलेली असतात, बिंदुसरेचे पात्र आटत चाललेले असते आणि ऊसतोडीसाठी परमुलखात गेलेली कुटुंबे हंगाम आटोपून गावाकडे परतण्याच्या बेतात असतात. पाण्याचे दुर्भिक्ष जिथे पिढ्यान्‌पिढ्या भोगले गेले, त्या मुलखातील अल्पसंख्य ख्रिस्ती मंडळीने स्वेच्छेने आणखी काही त्यागावे आणि त्याच वेळी आपले जीवन फलद्रूप व्हावे अशी प्रार्थना करावी, यात वरवर पाहता विसंगती दिसते; परंतु या दोन गोष्टींचा परस्परसंबंध येथील बागायतदाराला जितका उघड कळतो, तितका तो पंडितालाही क्वचितच कळत असेल.

गेवराई-माजलगावकडचा शेतकरी मोसंबीचा आंबिया बहार धरतो तेव्हा हिवाळ्यात तो बागेचे पाणी तोडतो. यालाच ताण देणे म्हणतात. पाने पिवळी पडतात, त्यांपैकी काही गळतात, नवी पालवी फुटणे थांबते, आणि एरवी त्या पालवीत खर्ची पडणारे अन्न फांद्यांमध्ये साठत जाते. ताणाची मुदत जमिनीच्या पोतावर ठरते. हलक्या जमिनीस थोडे दिवस पुरतात, भारी काळ्या जमिनीस अधिक लागतात, कारण जिच्या पोटात ओल फार, तिच्यातील झाड सहजासहजी विसावा घेत नाही. मुदत भरली की आळी खणून शेणखत घालावयाचे, पाणी एकदम न सोडता प्रथम बेताने आणि मग वाढवीत द्यावयाचे, तेव्हा कोठे बाग फुलावर येते. उपवासकाळाचे सारे शास्त्र मला यात सामावलेले दिसते. ज्याच्याजवळ विपुल आहे त्याचा ताण अधिक दिवसांचा असावा, हे त्यातून निघते. आणि ताणामागून खत-पाणी न दिल्यास बाग नुसतीच सुकते, तद्वत प्रार्थना आणि दानधर्म यांची जोड नसलेला उपवास मनुष्याला शुष्क, कठोर आणि परनिंदक बनवितो, हेही त्यातूनच निघते.

मात्र ताण आणि दुष्काळ यांत भेद केला पाहिजे, आणि या जिल्ह्यात तर तो कटाक्षाने केला पाहिजे. दोहोंतही पाणी नसते, दोहोंतही पाने गळतात. पण ताणात माळी बांधावर उभा असतो, दिवस मोजत असतो आणि पाणी केव्हा द्यावयाचे हे त्याला ठाऊक असते, तर दुष्काळात कोणीच मुदत सांगू शकत नाही. 1972चा दुष्काळ ज्यांनी खडी फोडून काढला, किंवा 2012-13 साली ज्यांनी वाळलेल्या मोसंबीच्या बागांवर स्वहस्ते कुऱ्हाड चालविली, त्यांच्यापुढे उपासमारीचे आध्यात्मिक माहात्म्य गाणे हा अधर्म होय. लादलेले दारिद्र्य म्हणजे तपश्चर्या नव्हे, आणि भुकेल्याला संयमाचा उपदेश करणाऱ्याने उपवास या शब्दाचा उच्चारही करू नये.

हा भेद पंडिता रमाबाईंनी आपल्या आयुष्याने दाखवून दिला. 1858 साली जन्मलेल्या रमाबाईंचे मातापिता 1874 च्या सुमारास, तीर्थाटन करीत असताना, अन्नान्नदशेत मृत्यू पावले. व्रते, उपोषणे आणि प्रत्यक्ष उपासमार या सर्वांचा अनुभव त्यांना कोवळ्या वयातच आला होता. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेऊन स्वदेशी परतल्यावर, 1889 साली त्यांनी शारदासदन स्थापिले, आणि पुढे त्या कार्याला परक्यांच्या देणग्यांवर सर्वस्वी विसंबून राहावे लागू नये म्हणून फळझाडे लावण्याच्या हेतूने केडगावला जमीन घेतली. 1896-97 चा दुष्काळ आला तेव्हा त्यांनी मध्य प्रांतात जाऊन शेकडो निराधार मुली आणल्या, आणि त्याच केडगावच्या भूमीवर मुक्तिसदन उभे राहिले. स्वतः भोगलेल्या भुकेला त्यांनी पावित्र्याचे वस्त्र चढविले नाही. ती भूक दुसऱ्या कुणाच्या वाट्यास येऊ नये यासाठी त्या अखेरपर्यंत झटल्या. आध्यात्मिक वाढीचे याहून निःसंदिग्ध प्रमाण मला माहीत नाही.

यशया संदेष्ट्यानेही उपवासाची कसोटी हीच सांगितली आहे: जोखडाचे बंध सुटले काय, भुकेल्याला भाकरी आणि निराश्रिताला घर मिळाले काय. ही कसोटी बीडमध्ये लावावयाची तर ती ऊसतोड कामगाराच्या कोपीपाशीच लावावी लागेल. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पतिपत्नींचा कोयता वर्षातील कित्येक महिने कारखान्याच्या रानात राबतो; खाडा झाला तर मजुरी जाते, वर दंडही बसतो. अशा कारभारात स्त्रीच्या शरीराची काय गत होते याचा दाखला 2019 साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सापडतो: जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढून टाकण्यात आलेली होती. या आकड्यापुढे, चाळीस दिवस मांसाहार वर्ज्य केल्याचे समाधान घेऊन बसलेल्या आपणा सर्वांनी नतमस्तक व्हावे. दोन घरची मुले हंगामात शाळेतून गळणार नाहीत अशी व्यवस्था करणे, मागे राहिलेल्या वृद्धांच्या जेवणाची जबाबदारी घेणे, निरक्षर मजुराला उचलीचा जमाखर्च वाचून दाखविणे, आजारी स्त्रीबरोबर सरकारी दवाखान्यात जाऊन तिला नीट सल्ला मिळेपर्यंत थांबणे: एवढे तर कोणत्याही लहानशा मंडळीच्या आवाक्यातले आहे.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभूने एका निष्फळ अंजिराचा दृष्टान्त सांगितला आहे. तीन वर्षे फळ न दिसल्याने धनी ते झाड तोडावयास सांगतो. माळी एका वर्षाची मोहलत मागतो आणि आपण त्याभोवती खणून खत घालू असे कबूल करतो. श्रम झाडाचे नाहीत, माळ्याचे आहेत, आणि म्हणूनच आपली वाढ हा आपल्या पराक्रमाचा विषय ठरत नाही. मुळाशी चाललेले खणणे सोसणे आणि मिळालेले खत वाया न घालविणे एवढेच आपल्याकडे येते. पण कृपेने मिळालेली मोहलत ही मोहलतच असते. तिला मुदत असते आणि मुदतीअखेर धनी फांद्यांपाशी येतोच. त्या वेळी आपण किती दिवस उपाशी राहिलो हे तो विचारणार नाही. या जिल्ह्यात, या वर्षी, आपल्या फांदीवरचे कोणाच्या हाती आले, हेच तो विचारील, आणि त्याचे उत्तर आपल्या शेजाऱ्याने द्यावयाचे असेल.