चिमणाळे आणि कामाचे घर

बारशाला न्यायच्या खेळण्याची चर्चा निघाली, की 'त्याला काय कळतंय' हे वाक्य कोणीतरी उच्चारतेच, मग ते घर पुण्यातले असो वा दापोलीच्या एखाद्या आळीतले. या वाक्याची गंमत अशी, की त्याच्या आधाराने एकमेकांच्या अगदी विरुद्ध असे दोन निर्णय घेता येतात. बाळाला काही कळत नाही, तेव्हा हाती लागेल ते स्वस्त खेळणे पुरे, असे एक पक्ष म्हणतो; बाळाला कळत नसले तरी जमलेल्या पाहुण्यांना कळते, तेव्हा दिवे लावणारे, गाणी म्हणणारे, खोक्यासकट भारदस्त दिसणारे खेळणे न्यावे, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही पक्षांनी हिशेबातून वगळले आहे ते फक्त बाळ.

लाकडी खेळणे चांगले व प्लॅस्टिकचे वाईट, साधे चांगले व यांत्रिक वाईट, ही शिकवण सुशिक्षित वाचकाला पाठ असल्यामुळे तिची उजळणी येथे करण्याचे कारण नाही. मात्र साधेपणा नेमका कशात मोजायचा, हा प्रश्न त्या पाठांतरात राहून जातो. द्रव्यात, किमतीत, भागांच्या संख्येत की रंगांच्या सौम्यपणात? यांपैकी कोणतेही माप लावले तरी तान्ह्या मुलाच्या बाबतीत ते अपुरे पडते, कारण त्या वयात महत्त्वाचा भेद वेगळाच असतो, आणि तो म्हणजे क्रियेचा आरंभ कोठून होतो हा. सेलवर चालणारे माकड कळ दाबली की ठरावीक वेळ टाळ्या वाजवते. समोरचे मूल हसते आहे, रडते आहे की झोपले आहे, याचा त्या टाळ्यांवर काही परिणाम होत नाही. खुळखुळा मात्र मूठ हलली तेवढाच वाजतो, जोराने हलली तर जोराने वाजतो आणि थांबली की थांबतो. पहिल्या प्रकाराला 'करून दाखवणारे खेळणे' व दुसऱ्याला 'उत्तर देणारे खेळणे' अशी नावे देता येतील.

हा भेद तान्ह्यालाही लागू पडतो, असे म्हणण्यास आधार आहे. नवजात बालकाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचे त्यातल्या त्यात बरे दिसते, आणि हे अंतर अंगावर पिताना आईचा चेहरा जेथे असतो तेवढेच आहे. तळहाताला काही लागले की त्याची मूठ मिटते खरी, परंतु ती प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे इच्छेवाचून आपोआप घडणारी हालचाल, असते. वस्तू पाहून तिच्याकडे हेतुपूर्वक हात नेणे चौथ्या महिन्याच्या सुमारास जमू लागते, आणि त्यानंतर हाती आलेले प्रत्येक खेळणे तोंडाकडे जाते. याचा अर्थ असा, की बाराव्या दिवशी दिलेले खेळणे ज्याला दिले त्याला धड दिसतही नाही आणि धरताही येत नाही. इतपत 'त्याला काय कळतंय' हे वाक्य खरे आहे. तथापि आपल्या हालचालीमुळे भोवती काही घडते आहे, हे मात्र त्याला फार लवकर कळू लागते.

जुन्या मराठी घराने या आकलनाची सोय खेळण्याआधी दागिन्यात करून ठेवली होती. बाळलेणी म्हणजे तान्ह्याच्या अंगावर घालायचे दागिने. त्यांत हातातल्या मनगट्या व बिंदल्या आणि पायातले घुंगुरवाळे येतात. मनगट्यांतले काळे मणी दृष्ट लागू नये म्हणून असतात, ही समजूत सर्वांना ठाऊक आहे. परंतु घुंगुरवाळ्याचे प्रत्यक्ष कार्य असे, की पाय झाडला की आवाज होतो आणि पाय स्थिर राहिला की तो थांबतो. चिमणाळ्याचेही तसेच. चिमणाळे म्हणजे पाळण्यावर बाळाच्या नजरेसमोर टांगलेला लाकडाच्या किंवा कापडाच्या रंगीत चिमण्यांचा झुबका. तो वाऱ्याने हलतो, झोका दिल्याने हलतो, आणि पाळणा पुरेसा हलका असेल तर आतल्या मुलाने पाय झाडल्यानेही हलतो.

या शेवटच्या शक्यतेवर अमेरिकेत एक सबंध संशोधनपरंपरा उभी राहिली. कॅरोलिन रोव्ही-कॉलियर या मानसशास्त्रज्ञ विदुषी आपल्या प्रबंधाचे काम करीत असताना त्यांचा काही आठवड्यांचा मुलगा फार रडत असे आणि पाळण्यावरचे टांगते खेळणे हलवीत राहिले तरच शांत होत असे. हात मोकळे व्हावेत म्हणून त्यांनी त्याचा पाय एका फितीने त्या खेळण्याला जोडून दिला, आणि थोड्याच वेळात मुलगा आपण होऊन पाय झाडून खेळणे हलवू लागला. 1969 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगापासून पुढे त्यांनी दाखवून दिले, की दोन-तीन महिन्यांच्या मुलांना पायाचा व खेळण्याचा हा संबंध काही मिनिटांत उमगतो आणि काही दिवस स्मरणातही राहतो. जितक्या जोराने लाथ तितकी जास्त हालचाल, अशी ही रचना होती. क्रियेच्या प्रमाणात मिळणाऱ्या अशा फळाने ती क्रिया वाढत जाते, या तत्त्वाला मानसशास्त्रात प्रबलन म्हणतात. चिमणाळे बांधणाऱ्या आजीपाशी हा शब्द नव्हता, आणि त्यावाचून तिचे काही अडलेही नाही.

येथे एका मोठ्या प्रतिपक्षाची गाठ पडते. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ याने 1957 च्या आपल्या निबंधसंग्रहात खेळण्यांवर एक छोटा निबंध लिहिला असून लाकडाची बाजू घेणारे जगभरचे लोक, त्याचे नाव ऐकलेले असो वा नसो, बहुतांशी त्याचेच म्हणणे बोलत असतात. त्याचे म्हणणे असे, की आधुनिक खेळणी ही प्रौढांच्या जगाच्या छोट्या प्रतिकृती असल्यामुळे मूल निर्माता न होता नुसते वापरकर्ता होते. शिवाय लाकूड उबदार, टिकाऊ व झाडाशी नाते राखणारे, तर प्लॅस्टिक थंड आणि स्पर्शसुखाला मारक. यातला पहिला मुद्दा मोलाचा आहे आणि वर सांगितलेल्या भेदाच्या तो जवळचाही आहे. दुसरा मुद्दा मात्र ज्याला खेळणी धुवावी लागत नाहीत अशा माणसाचा आहे. दापोलीत पावसाळ्यात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत कापडी बाहुली एकदा भिजली की वाळता वाळत नाही, चुलीवरच्या वळणीवर टाकली तर धुराचा वास धरते, आणि लाकडाच्या सांध्यांत बुरशी धरते. ज्या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाते त्या वयात धुऊन, पुसून, पाच मिनिटांत कोरडे होणारे प्लॅस्टिकचे कडे हा अपराध नाही. बार्थच्या निबंधातले मूल चालते-बोलते आहे, डाकघर आणि इस्पितळ खेळणारे आहे. पाळण्यातल्या मुलाचा विचार त्याने केलेला नाही. द्रव्याला नीतिमूल्य चिकटवण्याची ही सवय मराठी मध्यमवर्गानेही उचलली असून 'नैसर्गिक' एवढ्या एका शब्दावर तिप्पट किंमत मोजली जाते.

सावंतवाडीच्या खेळण्यांबाबत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. 1981 साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यातच होती, आणि तेथील चितारी कारागिरांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून केलेली रंगीत फळे, भाज्या व खेळणी ही कोकणची ओळख होऊन बसली आहे. 2024 साली या लाकडी कारागिरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी निगडित उत्पादन म्हणून कायदेशीर ओळख, मिळाली. दुसरीकडे 1 जानेवारी 2021 पासून भारतात खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणचिन्ह सक्तीचे झाले, परंतु नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि भौगोलिक मानांकन असलेली उत्पादने यांना त्यातून सूट देण्यात आली. कारागीर जगावा म्हणून ही सूट योग्यच आहे. पण तिचा परिणाम असा, की रंग, कडा आणि सुटणारे भाग यांची तपासणी प्लॅस्टिकच्या खुळखुळ्याला सक्तीची आणि हाताने रंगवलेल्या लाकडी खुळखुळ्याला ऐच्छिक. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा कोणताही सुटा भाग 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, असे मानक आहे. कोकणच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या झुडपाचा सागरगोटा त्यात सहज मावतो, आणि दिसायला सुरेख अशी गुंज तर विषारी आहे. परसातून आलेली वस्तू तेवढ्यानेच निर्धोक होत नाही.

थोडे विषयांतर करून पांगुळगाड्याकडे पाहता येईल, कारण वरचा भेद तेथे डोळ्यांनी दिसतो. पांगुळगाडा म्हणजे तीन चाकांची लाकडी चौकट, जिला धरून मूल स्वतःच्या पायांवर उभे राहते. मूल ढकलील तेवढाच तो पुढे जातो आणि मुलाचा तोल गेला तर मूल पडते. बाजारातला गोल, मध्ये बैठक असलेला वॉकर बसलेल्या मुलालाच वाहून नेतो, आणि बोटांच्या टोकांनी जमिनीला रेटा दिला की त्याच्या समजुतीपलीकडच्या वेगाने धावतो. कॅनडाने जिन्यांवरून होणाऱ्या अपघातांमुळे 2004 साली अशा वॉकरच्या विक्रीवर व आयातीवर बंदी घातली. कोकणी घरात जिना नसेल, पण पडवीतून ओटीवर, ओटीवरून अंगणात उतरणाऱ्या पायऱ्या आणि दर दाराला उंबरठा असतोच. या एका बाबतीत जुने उपकरण नव्याहून निःसंशय चांगले आहे, आणि तेही लाकडाचे आहे म्हणून नव्हे.

येथपर्यंतचा युक्तिवाद एका सरळ निष्कर्षाकडे जातो असे वाटेल, की करून दाखवणारी खेळणी मुलाला व्यग्र ठेवण्यासाठी विकत घेतली जातात, तर उत्तर देणारी खेळणी माया करणाऱ्या घरात असतात. हा निष्कर्ष टिकत नाही. फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने आपल्या शैक्षणिक खेळण्यांच्या मालिकेत पहिले स्थान लोकरीच्या रंगीत चेंडूंना दिले. पण दोरी धरून चेंडू झुलवणारी आणि त्याबरोबर गाणारी आई त्याने गृहीत धरली होती. साध्या खेळण्याचे बरेचसे समर्थन असेच, जवळ बसलेला एक मोकळा माणूस न बोलता गृहीत धरते. ज्या घरातला बाप चाकरमानी म्हणून मुंबईस आहे, आई हंगामात आंबा-काजूच्या कामावर जाते आणि आजीच्या गुडघ्यांना बसवत-उठवत नाही, तेथे हा मोकळा माणूस कोठून आणायचा? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला 1945 साली काम सुरू केले व पुढे कोसबाडला नेले, तेव्हा माँटेसरीच्या महाग साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे वापरले, हे नेहमी सांगितले जाते. त्याहून कमी सांगितले जाते ते असे, की शाळेच्या वयाच्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळण्यात अडकतात हे ओळखून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची सांगड घातली. साधनांच्या आधी त्यांनी हात मोजले.

हे ध्यानात घेतले की चिमणाळ्याकडेही निराळ्या नजरेने पाहावे लागते. ते फावल्या वेळातल्या कौतुकासाठी पाळण्यावर आलेले नाही. भात सडायचा आहे, गुरांचे करायचे आहे, चुलीवर कालवण आहे, अशा घरात बाळ काही काळ एकटे व स्वस्थ राहावे म्हणून ते आले. रोव्ही-कॉलियर यांच्या फितीचाही हेतू हाच होता. तेथे भाताच्या जागी प्रबंध होता, एवढाच फरक. मुलाला गुंतवून ठेवणे हा सेलच्या माकडाचा दोष म्हणून सांगणाऱ्याने तोच दोष चिमणाळ्यालाही लावला पाहिजे, आणि तसा तो लावता येत नसेल, तर गुंतवून ठेवणे हा दोषच नव्हे असे मान्य केले पाहिजे. कामाच्या घराला मूल काही वेळ आपले आपण रमावे असे वाटणे रास्त आहे. तेव्हा सेलचे खेळणे आणून ठेवणाऱ्या आईला दोष देणे अन्यायाचे ठरते. तिची गरज जुनीच आहे, बाजाराने मात्र त्या गरजेला हलके उत्तर विकले. मूल ज्यात रमते त्यात त्याचा स्वतःचा हात किंवा पाय चालतो की नाही, एवढेच पाहायचे उरते.

यातून देणाऱ्यापुरता एक व्यावहारिक बदल सुचतो. बारशाला अंगडे-टोपडे, दुपटे किंवा पाकीट द्यावे, आणि पाळण्यावर बांधायला द्यायचेच तर हलके चिमणाळे द्यावे, जे मूल उठून बसू लागले की काढून टाकता येईल. हातात धरायचे खेळणे उष्टावणापर्यंत, म्हणजे सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाला पहिला भात भरवतात त्या दिवसापर्यंत, राखून ठेवावे. तोवर त्याचा हात हेतूने पुढे जाऊ लागलेला असतो, आणि मुठीत मावेल पण घशात जाणार नाही असा, सांधे पक्के असलेला, धुता येणारा एक खुळखुळा, लाकडाचा असो वा प्लॅस्टिकचा, त्याच्या त्या दिवसांच्या कामाला पुरतो.