ससा, गाय आणि अहिंसेचा आधार

भंडारा जिल्ह्यात, तुमसरच्या उत्तरेस सातपुड्याच्या डोंगरांशी आंबागडचा किल्ला उभा आहे. त्याच भागात गायमुख हे तीर्थ असून महाशिवरात्रीस तेथे यात्रा भरते. डोंगरातून येणाऱ्या पाण्याला लोकांनी गायीच्या मुखाचे नाव दिले, यावरूनच या मुलखाची भावना कळते. पोळ्याला बैलाची पूजा होते, दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात. गाय पूज्य आहे हे येथे कोणास शिकवावे लागत नाही. परंतु ती मारू नये ती पूज्य म्हणून, की जीव म्हणून? या दोन उत्तरांत मोठे अंतर आहे.

पूज्यतेचा इतिहास सरळ नाही. ऋग्वेदात गायीस 'अघ्न्या' म्हणजे मारू नये अशी म्हटले आहे, आणि त्याच वेदाच्या दहाव्या मंडलात इंद्रासाठी बैल शिजविल्याचा उल्लेख आहे. पाणिनीने अतिथीसाठी 'गोघ्न' हा शब्द सिद्ध करून दाखविला. गृह्यसूत्रांतील मधुपर्काची चर्चा सर्वश्रुत आहे. पुढे कलिवर्ज्य प्रकरणात गवालंभ निषिद्ध ठरला. निषेध करावा लागला याचाच अर्थ पूर्वी तो विधी मान्य होता. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हे सर्व शांतपणे मांडले. द्विजेंद्र नारायण झा यांनी हाच विषय घेतला तेव्हा मात्र २००१ साली वाद पेटला आणि ग्रंथाचे वितरण न्यायालयाच्या आदेशाने अडले. ज्यांची श्रद्धा प्राचीनांनी कधी गोमांस खाल्लेच नाही या विधानावर उभी आहे, त्यांना एका सूत्राचे भय वाटावे हे स्वाभाविक आहे.

दुसरा आधार उपयोगाचा. सावरकरांनी गायीला देव न मानता उपयुक्त पशू मानावे आणि पूजनाऐवजी पालन करावे असे सांगितले. हा विचार स्वच्छ आहे, पण औताला न लागणाऱ्या म्हाताऱ्या बैलापाशी तो थांबतो. गोंडांच्या अनेक कुळांना आपापले पूज्य प्राणी असतात. ते कूळ त्या प्राण्यास मारीत नाही, शेजारच्या कुळास मात्र ते बंधन नसते. पूज्यतेची कुंपणे अशीच असतात.

महानुभावांस हा प्रश्न अधिक नेमका आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न मानले, म्हणजे गायीच्या पोटी तेहतीस कोटी देव आहेत हे कारण आपल्या उपयोगाचे नाही. देवताभक्ती तर सोडावयाचीच आहे. मग गाय कोण? जीव. आणि ससा? तोही जीवच.

लीळाचरित्रातील सशाची लीळा वासनिकांच्या मुलांनाही ठाऊक असते. पैजेत सापडलेला, कुत्र्यांनी पिटाळलेला ससा सर्वज्ञांच्या मांडीखाली शिरला. पारध्यांनी तो मागितला. शरण आलेला म्हणून स्वामींनी दिला नाही. येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात पंचनख प्राण्यांपैकी जे भक्ष्य ठरविले त्यांत ससा आहे, आणि तिसऱ्या अध्यायात त्याच्या मांसाने पितर अकरा महिने तृप्त होतात असे श्राद्धप्रकरणी सांगितले आहे. म्हणजे स्मृती पारध्यांच्या बाजूची होती! स्वामींनी सशात देवता असल्याचे सांगितले नाही, त्याचा उपयोगही सांगितला नाही. गवत खाऊन, पाणी पिऊन रानात राहणाऱ्यास का मारावे, एवढेच विचारले. या प्रश्नाला कोणत्याही जुन्या वचनाची भीती नाही, कारण तो वचनावर उभाच नाही.

महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गायीच्या आणि २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीस बंदी आहे. कायदा सुरी अडवितो. म्हाताऱ्या बैलाच्या दावणीला कडबा तो टाकीत नाही. पोळ्याला शिंगे रंगवून चार दिवसांनी पराणी टोचणाऱ्यास कायद्याने फारसे विचारलेले नाही.

आहाराच्या अभिमानात दडलेली हिंसा याहून सूक्ष्म आहे. मेलेले जनावर ओढण्याचे काम गावाने ज्यांच्यावर टाकले, त्यांनाच ते मांस खाता म्हणून अस्पृश्य म्हटले. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांस मृत जनावराचे मांस सोडण्यास सांगितले. पुष्कळांनी ते सोडले, तरी पाणवठे उघडले नाहीत. तेव्हा आहार हे कारण नव्हते, निमित्त होते. अनुसरलेल्यांना स्वामींनी चारही वर्णांच्या दारी भिक्षा मागण्यास सांगितले आहे. मांस न खाणारा मनात दुसऱ्यास हीन लेखीत असेल, तर वाचिक-मानसिक हिंसेचा विचार त्याने कोठे ठेवला, हे त्यानेच पाहावे. त्या लीळेत स्वामींनी पारध्यांसही हीन म्हटले नाही. त्यांच्याशी बोलले, ते निघून गेले, आणि मग गुडघा उचलून सशास आदराने संबोधून वाट मोकळी करून दिली.